फ्लाय फिशिंगची दोरी आणि सुरुवातीची साधने

फ्लाय फिशिंगची दोरी : जवळजवळ वजनच नसलेली कृत्रिम माशी पाण्यावर दूरवर नेऊन टाकण्यासाठी वापरली जाणारी जाड, प्लास्टिकचा लेप दिलेली दोरी. या प्रकारच्या मासेमारीत काठी, रीळ, गाठी, माशी यांची निवड या दोरीवरून ठरते. तरी नवशिका माणूस दुकानात जातो तो आधी काठी विकत घेतो आणि मग तिला साजेशी दोरी शोधत बसतो.

कोकणात खाडीच्या धक्क्यावर गरवायला बसलेल्याची साधने पाहिली की फरक चटकन कळतो. रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस म्हणजे नायलॉनचा धागा, टोकाला गरी म्हणजे गळ, गरीच्या थोडे वर शिशाचा तुकडा आणि आमिषाला कोळंबी. हात गरगर फिरवून तो शिसे भिरकावतो आणि त्यामागून तंगूस ओढला जातो. रीळ लावलेल्या आधुनिक काठीतही तत्त्व हेच असते. फेकायचे ते वजन, दोरी नुसती मागून जाते. फ्लाय फिशिंगमध्ये मात्र टोकाला असते ती लहानशा गळावर बांधलेली माशी, म्हणजे मोरपिसाचे तीन-चार तंतू आणि कोंबड्याच्या मानेवरचे एखादे पीस. ती कितीही जोराने फेकली तरी दोन हातांवर पडेल. म्हणून वजन दोरीतच घातलेले असते. काठीने दोरी मागे उडवायची, हवेत सरळ होऊ द्यायची, मग पुढे झोकायची. दोरी उलगडत जाते आणि माशी तिच्या शेपटाला धरून जाते.

ही कल्पना जुनी आहे. इ. स. २०० च्या सुमारास रोमन लेखक एलियन याने मॅसिडोनियातल्या आस्ट्रेअस नदीवरच्या कोळ्यांची हकिकत लिहून ठेवली आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळत, तीवर कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसे बसवत. काठी सहा फुटांची आणि दोरीही तेवढीच. एवढ्या आखूड दोरीत फेकण्याचा प्रश्न फारसा येतच नाही. जपानच्या डोंगरी ओढ्यांवरची तेन्कारा ही पद्धत आजही अशीच आहे. तिथे लांब काठीच्या टोकाला दोरी थेट बांधतात, रीळ नसते. अरुंद ओढ्यावर एवढ्यावर भागते, आणि ज्याला खर्च करायचा नाही त्याने तिथूनच सुरुवात केली तर काही बिघडत नाही.

युरोपात कित्येक शतके घोड्याच्या शेपटीचे केस पिळून दोरी करीत. घोडीच्या शेपटीला लघवी लागून केस कमकुवत होतात, म्हणून नराचेच केस घ्यावेत असा समज होता. पुढे रेशमी दोरी आली. ती पाणी प्यायची, जड होऊन बुडायची. म्हणून दर संध्याकाळी रिळावरून काढून वाळवायची आणि तरंगण्यासाठी तिला चरबी चोळायची, हा नेम. माशीजवळचा बारीक धागा रेशीमकिड्याच्या आतड्याचा, असे म्हणत. खरे म्हणजे ती किड्याची रेशीमग्रंथी. किडा कोश करायच्या बेतात असताना तो व्हिनेगरमध्ये घालून ग्रंथी काढत आणि हाताने ताणून तिचा धागा करत. स्पेनमधला मुर्सिया प्रांत या धंद्यासाठी प्रसिद्ध होता. १९३८ मध्ये ड्यूपाँ कंपनीने नायलॉन जाहीर केले आणि पुढच्या काही वर्षांत हा धंदा बसला. १९५० च्या दशकात गाभ्यावर प्लास्टिकचा लेप दिलेल्या दोऱ्या निघाल्या. त्या कारखान्यातूनच तरंगणाऱ्या निघत. चरबी सुटली.

दोरीचा क्रमांक

रेशमी दोऱ्यांवर जाडीची अक्षरे असत. लेपाच्या दोऱ्या आल्यावर ती निरुपयोगी झाली, कारण सारख्या जाडीच्या दोन दोऱ्यांची वजने वेगळी निघू लागली. तेव्हा १९६० च्या सुमारास अमेरिकन उत्पादकांच्या संघटनेने वजनावर आधारलेले क्रमांक ठरवले, तेच आज जगभर चालतात. दोरीच्या पुढच्या ३० फुटांचे, म्हणजे सुमारे ९ मीटरचे, वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सोनाराची साधारण अर्धी गुंज. क्रमांक ३ म्हणजे १०० ग्रेन, ५ म्हणजे १४०, ८ म्हणजे २१०. पाच क्रमांकाची ती ९ मीटर दोरी जेमतेम पाऊण तोळा भरते. सगळी फेक या पाऊण तोळ्याच्या जिवावर चालते.

काठीवरही हाच क्रमांक छापलेला असतो. पाच क्रमांकाची काठी म्हणजे एवढे वजन हवेत फिरताना योग्य तेवढी वाकणारी काठी. दोरी हलकी पडली तर काठी वाकतच नाही आणि नुसते हवेत छडी फिरवल्यासारखे होते. जड पडली तर काठी मान टाकते.

दोरीच्या खोक्यावर ‘डब्ल्यूएफ ५ एफ’ असे काहीतरी लिहिलेले असते. मधला आकडा वजनाचा. शेवटचे ‘एफ’ म्हणजे तरंगणारी, ‘एस’ असेल तर बुडणारी. तरंगणाऱ्या दोरीच्या लेपात पोकळ काचेचे सूक्ष्म गोळे मिसळतात, बुडणाऱ्या दोरीत टंगस्टनची पूड. सुरुवातीची अक्षरे दोरीच्या आकाराची. ‘डब्ल्यूएफ’ दोरी पुढच्या भागात जाड आणि मागे बारीक असते, त्यामुळे लांब जाते आणि शिकणाऱ्याला सोपी पडते. ‘डीटी’ दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये सारखी. ती जवळच्या फेकीत अलगद पडते, शिवाय एक टोक झिजले की उलटी करून दुसरे वापरता येते. काटकसरी माणसाला हा गुण लगेच पटतो. तरी पहिली दोरी ‘डब्ल्यूएफ’, तरंगणारीच घ्यावी. ती पाण्यावर दिसते, त्यामुळे आपले काय चुकते तेही दिसते.

खोक्यावरची आणखी एक गोष्ट आपल्याकडे कोणी पाहत नाही. थंड पाण्यासाठी केलेल्या दोरीचा गाभा मऊ असतो. कोकणातल्या मे महिन्यात ती लिबलिबीत होते, काठीच्या कड्यांना चिकटते आणि पुढे सरकत नाही. उष्ण प्रदेशासाठीच्या दोऱ्यांचा गाभा ताठ असतो, पण त्याच दोऱ्या हिमालयातल्या ओढ्यावर स्प्रिंगसारख्या वेटोळे धरून बसतात. एकच दोरी दोन्हीकडे चालवण्याचा हट्ट करू नये.

लीडर, टिपेट आणि तंगसाचे प्रकार

जाड रंगीत दोरीला थेट माशी बांधत नाहीत. मध्ये सुमारे ९ फुटांचा पारदर्शक, निमुळता होत जाणारा धागा असतो. हा लीडर. दोरीतला जोर हळूहळू कमी करत माशीपर्यंत नेणे हे त्याचे काम. तो निमुळता नसेल तर माशी पाण्यावर अलगद उतरायच्या ऐवजी थपकन आपटते. लीडरचे शेवटचे बारीक टोक किंवा त्याला जोडलेला धागा म्हणजे टिपेट. माशी बदलताना दर वेळी चार बोटे धागा कापला जातो, आणि पाच-सहा माश्यांनंतर आपण नकळत जाड भागापर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून टिपेटचे छोटे रीळ खिशात हवेच.

टिपेटची जाडी ‘एक्स’मध्ये मोजतात आणि हिशोब उलटा चालतो. आकडा मोठा तितका धागा बारीक. ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की इंचाच्या हजारांशांत जाडी मिळते. ५ एक्स म्हणजे सहा हजारांश इंच, सुमारे ०.१५ मिमी. गळाचे क्रमांकही असेच उलटे, १८ चा गळ १० पेक्षा लहान. गळाच्या क्रमांकाला तीनाने भागले की टिपेटचा अंदाज येतो. १४ चा गळ असेल तर ५ एक्स. हा ठोकताळा आहे, पण नदीकाठी पुरतो.

टिपेट आणि साधी गळाची दोरी यांचे साहित्य एकच. नायलॉन स्वस्त, मऊ, थोडे ताणले जाणारे, गाठ चांगली धरणारे. पण ते थोडे पाणी शोषते आणि भिजल्यावर त्याची ताकद काहीशी कमी होते. उन्हात खराब होते ते वेगळेच. मागच्या वर्षीचे रीळ हातात घेऊन धागा झटक्याने ताणून पाहावा. तुटला तर फेकून द्यावा, मासा लागल्यावर तुटण्यापेक्षा हे बरे. जपानी कंपन्यांनी १९७० च्या दशकात आणलेला फ्लोरोकार्बन पाण्यापेक्षा बराच जड असतो, लवकर बुडतो आणि दगडाला घासला तरी टिकतो. त्याचा अपवर्तनांक १.४२ आहे, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५३. त्यामुळे तो पाण्यात कमी दिसतो. जाहिरातीत म्हणतात तसा अदृश्य मुळीच होत नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला नायलॉन आणि पाण्याखाली जाणाऱ्या माशीला फ्लोरोकार्बन, एवढी विभागणी पुरे.

तिसरा प्रकार पॉलिथिलीनच्या बारीक तंतूंची विणलेली ब्रेडेड दोरी. त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा ती कितीतरी मजबूत, आणि जवळजवळ न ताणली जाणारी. शिसे किंवा लाकडी मासोळी फेकणाऱ्यांची ती लाडकी आहे. मात्र बोट कापते आणि खडकावर घासली की तिचे तंतू झरझर सुटतात, म्हणून पुढे हातभर जाड तंगूस जोडावा लागतो. टिपेट म्हणून तिचा उपयोग नाही.

काठी, रीळ, गाठी

पूर्वी काठ्या बांबूच्या असत. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून षटकोनी काठी करत. अमेरिकेतल्या कारागिरांचा सुरुवातीचा बांबू भारतातून जाई आणि ‘कलकत्ता केन’ या नावाने ओळखला जाई. नंतर चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आणि १९७० च्या दशकात कार्बन तंतू आले. आज पहिली काठी म्हणून ९ फुटी, चार तुकड्यांची, ५ क्रमांकाची कार्बन काठी घ्यावी. ती बसमध्ये नेता येते, थंड ओढ्यांतल्या ट्राउट माशाला बरोबर बसते आणि वाऱ्यातही बऱ्यापैकी चालते. महासीर या नदीतल्या मोठ्या माशासाठी किंवा खाडीसाठी ८ किंवा ९ क्रमांक लागतो.

रिळावर पैसे वाचवावेत. लहान ट्राउट बहुतेक वेळा दोरी हातानेच ओढून आत घेतात, रीळ फक्त दोरी ठेवायला. समुद्राच्या पाण्यात मात्र मासा दोरी पळवतो आणि ब्रेक खरोखर कामाला येतो. तिथे गंज न धरणारे, सीलबंद ब्रेकचे रीळ हवे, आणि घरी आल्यावर ते गोड्या पाण्याने धुवायला हवे. रिळावर आधी बॅकिंग म्हणजे बारीक विणलेला पॉलिस्टरचा दोरा गुंडाळतात, मग मुख्य दोरी.

गाठी तीन-चार आल्या तरी चालतात, पण त्या अंधारात बांधता आल्या पाहिजेत. माशीची गाठ अशी : धागा गळाच्या नेढ्यातून ओवायचा, मूळ धाग्याभोवती पाच वेढे द्यायचे, टोक नेढ्याजवळच्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फासातून काढायचे. आवळण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन दुबळे होते. वेढे एकावर एक न चढता स्प्रिंगसारखे शेजारी बसले तर गाठ बरोबर. एकही वेढा आडवा गेला तर कापून पुन्हा बांधायची. फेक चुकली की लीडरवर आपोआप साध्या गाठी पडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, अंगठा आणि तर्जनीतून धागा सरकवला की खडा लागल्यासारख्या कळतात. अशा गाठीपाशी धाग्याची जवळपास निम्मी ताकद गेलेली असते.

सराव नदीवर करू नये. मैदानावर, गवतात, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून करावा. सिमेंटवर केला तर लेप खरवडून दोरी वाया जाते. काठी घड्याळातल्या दहा ते एकच्या दरम्यानच फिरवायची, दोन्ही टोकांना थांबवायची आणि मागे गेलेली दोरी सरळ होईपर्यंत वाट पाहायची. घाई झाली तर चाबकासारखा फट्ट आवाज येतो. नदीवर असा आवाज आला म्हणजे माशी तुटून गेली. या खेळात जोर लावणारे मागे पडतात. ध्रुवित (पोलराइज्ड) काचांचा चष्मा पहिल्या दिवसापासून हवा. पाण्यातले दिसते, आणि मागून येणाऱ्या गळापासून डोळा वाचतो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, मासाही सुटतो आणि स्वतःचा कानही.

दोरी महिन्यातून एकदा कोमट साबणपाण्याने पुसली की पुन्हा नीट तरंगते. डास घालवण्याच्या मलमातले डीट हे रसायन लेप विरघळवते, म्हणून ते लावलेल्या हाताने दोरीला शिवू नये. कापलेले तंगसाचे तुकडे काठावर टाकले तर पक्ष्यांच्या पायात अडकतात. पतंगाच्या नायलॉन मांजाने काय होते हे आपण दर संक्रांतीला वाचतोच, आणि मूळ पदार्थ हाच.

भारतात

हिमाचलमधल्या कुल्लू जिल्ह्यातली तीर्थन नदी नवशिक्यासाठी उत्तम जागा. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुल्लू भागात सोडलेले ब्राउन ट्राउट तिथे आहेत. मत्स्यविभागाचा परवाना काढावा लागतो आणि विणीच्या हिवाळ्यात बंदी असते. काश्मीर, निलगिरी आणि मुन्नार इथेही ट्राउट त्याच काळात आणले गेले. वर वर्णिलेला ५ क्रमांकाचा संच, ५ एक्स टिपेट आणि १२ ते १६ च्या गळांच्या डझनभर माश्या एवढ्यावर तीर्थनला आठवडा जातो.

सह्याद्रीचा या विषयाशी एक वेगळाच संबंध आहे. इथल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत पिवळट ठिपके असतात. ही पिसे ब्रिटनमधल्या सामन माशांच्या माश्यांना इतकी लागत की पक्षी त्यासाठी मारले जात. आता भारतात या पक्ष्याला कायद्याचे संरक्षण आहे आणि परदेशातले कारागीर तिकडे पाळलेल्या कोंबड्यांची पिसे वापरतात.

कोकण-गोव्याच्या खाड्यांत या साधनांनी ज्याच्या मागे जातात तो मासा जिताडा, गोव्यातला चोणक. त्याच्या गालफडाची कड धारदार असते आणि तोंड कानशीसारखे खरखरीत, त्यामुळे बारीक टिपेट टिकत नाही. पुढे ०.५ ते ०.६ मिमी जाडीचा तंगूस हातभर बांधावा लागतो. धक्क्यावर गरवणाऱ्याच्या बाटलीवरचाही चालतो. महासीरची गोष्ट वेगळी. लोणावळ्याला वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पैदास होते. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत तो देवीचा मासा मानला जातो. तिथे लोक त्याला खाऊ घालतात, गरी कोणी टाकत नाही.