बाणाची वाट आणि बाणाचा वेग

सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या व्हिडिओत माऊसचा बाण वळण घेत बटनापाशी जातो. नोडवाल्या सॉफ्टवेअरमध्ये (म्हणजे एकेक काम करणाऱ्या चौकटी रेषांनी जोडायच्या, त्या चौकटी म्हणजे नोड) हे काम पाच मिनिटांचं: एक नोड वक्ररेषेवरची जागा सांगतो, दुसरा बाणाला तिथे नेऊन ठेवतो.

गंमत म्हणजे यातल्या दोन्ही कल्पनांची, नोडांची आणि काढलेल्या वाटेवर चालणाऱ्या चित्राची, मुळं एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतल्या टीएक्स-२ या एकाच संगणकावर सापडतात. आयव्हन सदरलँडचं स्केचपॅड, म्हणजे पडद्यावर लेखणीने चित्र काढायचा प्रोग्राम, त्यावरच झालं, १९६३ मध्ये. त्याचा थोरला भाऊ बर्ट याने १९६६ च्या प्रबंधात चौकटी आणि रेषांची आकृती काढून तोच प्रोग्राम म्हणून चालवून दाखवला. आजच्या नोडांचे पूर्वज ते हेच. मग १९६९ मध्ये त्याच संगणकावर रोनाल्ड बेकरचं जेनेसिस हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर आलं. त्यात लेखणीने वाट काढायची, आणि हात जिथे रेंगाळला तिथे चित्रही रेंगाळायचं. समान वेळाने पडलेल्या खुणांनी ती वाट दिसे. खुणा दाट तिथे वेग कमी.

आपण आज वापरतो ती बेझिए वक्ररेषा (काही नियंत्रणबिंदू ठेवून जिचा आकार ठरवतात ती) मात्र मोटारींच्या कारखान्यातली. सित्रोएनमध्ये द कास्तेल्जो (१९५९) आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांना गाडीच्या पत्र्याचा आकार हवा होता, वेगाशी त्यांना काय देणंघेणं! सगळी गोची तिथेच आहे. १०० पिक्सेलच्या सरळ रेषेत चारपैकी पहिले तीन नियंत्रणबिंदू सुरुवातीलाच ठेवून पाहा: अर्धा वेळ संपला तरी बाण १२.५ पिक्सेलवरच असतो. शिवाय पहिल्या फ्रेमला स्पर्शिकेची (वाट त्या जागी कुठे वळते ते दाखवणाऱ्या रेषेची) लांबी शून्य, म्हणजे दिशाच नाही. मग वाट वरच्या दिशेने जात असली तरी बाण बहुधा उगाच उजवीकडे तोंड करून उभा राहतो.

नोडांची पद्धत पुढे हूडिनी (१९९६), न्यूक अशा सिनेमाचे इफेक्ट्स करायच्या महागड्या सॉफ्टवेअरमधून मुरली. ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये जिओमेट्री नोड २०२१ मध्ये आले. त्यातला सॅम्पल कर्व्ह नोड लांबी मोजून चालतो: फॅक्टर (वाटेचा किती हिस्सा, ० ते १) ०.५ दिला की वाटेचा बरोबर मध्य. बाण एकसारखा धावतो, आणि मग फारच यंत्रासारखा वाटतो. म्हणून लोक फॅक्टरच्या आधी फ्लोट कर्व्ह नोड (आकडा हव्या त्या वळणाने बदलणारा) लावतात आणि बटनापाशी त्याला पुन्हा रेंगाळायला लावतात.