क्लीव्हलँडला क्वार्टरबॅक का सापडत नाही?

एप्रिल २०२५ मध्ये एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाने एक नव्हे, दोन क्वार्टरबॅक उचलले. डिलन गॅब्रिएल ९४व्या क्रमांकावर आणि शेडूर सँडर्स १४४व्या. हंगाम सुरू झाला तेव्हा मात्र मैदानात उतरला चाळीस वर्षांचा जो फ्लॅको. चार सामन्यांनंतर त्याला बसवून गॅब्रिएलला आणलं आणि नोव्हेंबरात सँडर्सची पाळी आली. हा संघ १९९९ मध्ये नव्याने उभा राहिला. तेव्हापासून त्याच्याकडून सामन्याची सुरुवात करणाऱ्या क्वार्टरबॅकांची संख्या चाळिसाच्या पुढे गेली आहे. संघाला शाप आहे, असं त्याचे चाहते वर्षानुवर्षं म्हणत आले आहेत. शापाची इथे काहीही गरज नाही. या सगळ्यामागे एक अतिशय सुंदर गणित आहे आणि ते एकदा कळलं की फुटबॉलपलीकडच्याही कितीतरी निवडी वेगळ्या दिसू लागतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. समोरून धिप्पाड बचावपटू धावून येत असताना अडीच-तीन सेकंदांत कोण मोकळा आहे ते हेरून त्याला चेंडू फेकायचा असतो. असा एक भरवशाचा माणूस मिळाला की दहा-पंधरा वर्षांची चिंता मिटते. नवे खेळाडू विद्यापीठांच्या संघांतून येतात आणि त्यांची वाटणी ड्राफ्टमध्ये होते. आयपीएलसारखा लिलाव तिथे नसतो. मागच्या हंगामात सर्वांत खराब खेळलेल्या संघाला पहिली निवड मिळते, मग पुढच्याला, असा क्रम लागतो. सगळ्या संघांची एकेक पाळी झाली की एक फेरी होते. म्हणजे दुबळ्या संघाला सर्वोत्तम खेळाडू मिळावा अशी सोय नियमातच आहे. तरीही क्लीव्हलँडची झोळी रिकामी राहते.

आता मूळ मुद्दा. खेळाडूची खरी कुवत कुणालाच दिसत नाही. निवड करणाऱ्याला दिसतो तो एक अंदाज आणि त्या अंदाजात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: खरी कुवत आणि मोजण्यातली चूक. चूक कधी खेळाडूच्या बाजूने पडते, कधी विरुद्ध. शंभर खेळाडूंची सरासरी काढली तर या चुका एकमेकींना खोडून टाकतात. पण आपण सरासरी खेळाडू निवडत नाही. ज्याचा अंदाज सर्वांत वर आहे तोच उचलतो. आणि सर्वांत वर कोण पोचतो? जो चांगला आहे आणि ज्याच्या बाबतीत चूकही त्याच्याच बाजूने पडली आहे, तो. निवडीची कृतीच चुकीला चाळून वर आणते.

हिशेब मांडू. दहा उमेदवार आहेत. त्यांची खरी कुवत सरासरी ५० गुणांची, प्रमाण विचलन १०, म्हणजे साधारण दोन-तृतीयांश जण ४० ते ६० च्या दरम्यान. मोजण्यातल्या चुकीचं प्रमाण विचलनही १० धरू. दोन्हींची विभागणी नेहमीची, घंटेच्या आकाराची. आता प्रत्येकाची चाचणी घ्यायची, सर्वाधिक गुणांचा उमेदवार निवडायचा आणि हा प्रयोग हजारो वेळा करून सरासरी काढायची. निवडलेल्याचे कागदावरचे गुण येतात सुमारे ७२. त्याची खरी कुवत निघते सुमारे ६१. आणि त्या दहांत खरोखरच जो सर्वोत्तम असतो, त्याची कुवत सरासरी ६५ असते. निवडणाऱ्याने काहीही गाढवपणा केलेला नाही, कुणी फसवलेलं नाही, तरी अकरा गुणांची निराशा ठरलेली आहे.

माझा सर्वांत आवडता भाग याच्यापुढे येतो. मोजणी आणखी ढिली करा. चुकीचं प्रमाण विचलन १० ऐवजी २० घ्या. आता निवडलेल्याचे कागदावरचे गुण होतात सुमारे ८४ आणि खरी कुवत उतरते सुमारे ५७ वर! मोजमाप जितकं वाईट, तितका निवडलेला खेळाडू कागदावर जास्त झळाळतो आणि मैदानावर जास्त आपटतो. ‘असा खेळाडू पिढीतून एकदाच येतो’ असं जेव्हा सगळे म्हणत असतात, तेव्हा त्या उत्साहातला किती भाग कुवतीचा आणि किती चुकीचा, हा प्रश्न विचारायचीच ती वेळ असते.

हा परिणाम प्रथम नीट मांडला गेला तो खेळाच्या नव्हे, खनिज तेलाच्या संदर्भात. १९७१ मध्ये अटलांटिक रिचफिल्ड या तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी दाखवून दिलं की समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावात ज्या कंपनीचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो, तीच बोली जिंकते आणि मग पस्तावते. पुढे केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी याच धाग्याने एनएफएलचा ड्राफ्ट तपासला. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एखादा खेळाडू, त्याच जागेवर खेळणाऱ्या आणि त्याच्यानंतर लगेच निवडल्या गेलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांना किती आढळली? ५२ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरी.

मोजमाप इतकं ढिलं का असतं? काही कारणं उघड आहेत: विद्यापीठात प्रतिस्पर्धी कमजोर, सोबती बलवान, प्रशिक्षकाची पद्धत निराळी. पण आकड्यांतला गोंगाट आपल्याला वाटतो त्याहून फार मोठा असतो. समजा एका क्वार्टरबॅकचे खऱ्या अर्थाने ६२ टक्के पास यशस्वी होतात. त्याचे ३०० पास आपण मोजले. निव्वळ योगायोगाने येणारं प्रमाण विचलन २.८ टक्के. म्हणजे तोच माणूस, त्याच कुवतीचा, एका हंगामात ५७ टक्क्यांवर दिसेल आणि दुसऱ्यात ६७ वर. पहिला आकडा पाहून लोक त्याला हाकला म्हणतील, दुसरा पाहून त्याचे पोस्टर लावतील. इंटरसेप्शनचं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने पकडलेल्या पासांचं, तर विचारूच नका. १०० पासांत सरासरी अडीच असा दर असेल, तर ३०० पासांत ५ की १० हे बरंचसं नशीबच ठरवतं.

यात आणखी एक गुंता आहे. अनेक वर्षं स्काऊट मंडळींचा, म्हणजे संघांसाठी नवे खेळाडू हेरणाऱ्यांचा, उंच क्वार्टरबॅककडे ओढा होता. बुटक्याला समोरच्या माणसांच्या डोक्यांवरून दिसणार कसं, हा त्यांचा सवाल. समजा ड्राफ्टच्या गाळणीतून जाण्यासाठी उंची आणि कौशल्य यांची बेरीज ठरावीक पातळीच्या वर लागते. मग उंच मुलगा मध्यम कौशल्यावरही आत येतो, तर बुटक्याला आत यायला अफाट कौशल्य लागतं. मूळ लोकसंख्येत उंची आणि कौशल्य यांचा काहीही संबंध नसला, तरी गाळून आत आलेल्यांत दोहोंचा व्यस्त सहसंबंध तयार होतो. सहा फुटांचा ड्रू ब्रीस २००१ मध्ये ३२व्या क्रमांकावर गेला, त्याहूनही बुटका रसेल विल्सन २०१२ मध्ये ७५व्या. दोघांनीही पुढे सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. पण निवडल्या गेलेल्यांकडेच पाहून ‘बुटके अधिक चांगले’ असा नियम काढणं तितकंच चुकीचं, कारण जे गाळणीतून आलेच नाहीत ते आपल्या तक्त्यात नाहीत. त्याच कारणाने ‘ड्राफ्टचा क्रमांक आणि खेळ यांचा संबंधच नाही’ हे विधानही जपून करावं. पहिल्या फेरीतल्या मुलांमधलं अंतरच मुळात चिंचोळं असतं आणि चिंचोळ्या पट्ट्यात सहसंबंध नेहमीच क्षीण दिसतो.

स्काऊट आंधळे नसतात, पण त्यांच्या डोळ्यांना मर्यादा आहेत. २००० साली टॉम ब्रेडी १९९व्या क्रमांकापर्यंत तसाच राहिला. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. त्यांतला एक, १८३व्या क्रमांकाचा स्पर्गन विन, क्लीव्हलँडने घेतला होता. यावर उतारा म्हणून दर काही वर्षांनी नवी जादूची चाचणी बाजारात येते. वर्षानुवर्षं वंडरलिक नावाची १२ मिनिटांत ५० प्रश्नांची परीक्षा घेतली जात होती. मग संगणकावरची आकलन-चाचणी आली आणि २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउडला तीत फार कमी गुण मिळाल्याच्या बातम्या ड्राफ्टआधी पसरल्या. त्याच हंगामात तो आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. एका उदाहरणाने चाचणी बाद होत नाही, पण एका आकड्यावर माणसाची किंमत करणाऱ्यांनी सावध व्हायला हवं.

शापाचंही असंच. क्लीव्हलँडने २००७ मध्ये ब्रेडी क्विन, २०१२ मध्ये ब्रँडन वीडन आणि २०१४ मध्ये जॉनी मॅन्झेल असे तीन क्वार्टरबॅक २२व्याच क्रमांकावर घेतले आणि तिघेही टिकले नाहीत. लगेच २२ हा आकडा अपशकुनी ठरला. ‘मॅडन’ या व्हिडिओ गेमच्या वेष्टनावर ज्याचा फोटो येतो त्याचा पुढचा हंगाम बिघडतो, अशीही तिकडे समजूत आहे. आपल्याकडे पहिल्या चाचणीत वर्गात पहिला आलेला मुलगा दुसऱ्या चाचणीत घसरला की आजी मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढते. तिन्ही ठिकाणी घडतं ते एकच: टोकाच्या कामगिरीत नशिबाचा वाटा असतो, तो दुसऱ्यांदा तितकाच मिळत नाही आणि आकडा सरासरीकडे परततो. फ्रान्सिस गाल्टनने हे १८८६ मध्ये उंच आई-वडिलांच्या मुलांची उंची मोजून दाखवलं. त्याला दीडशे वर्षं होत आली तरी आपण आकडे, फोटो आणि नजरा यांना दोष देतो. दृष्ट काढल्यावर मुलगा तिसऱ्या चाचणीत सावरतो तोही याच नियमाने, आणि श्रेय मात्र मोहऱ्यांना मिळतं.

आता क्लीव्हलँडची खरी चूक, जी नशिबावर ढकलता येत नाही. कमी पुरावा हातात असताना खेळाडू बदलला, तर चुकांची दुरुस्ती एकाच दिशेने होते. सुरुवातीला नशीब चांगलं असलेला मुलगा खेळत राहतो, अधिक पास फेकतो आणि त्याचा खरा आकडा हळूहळू समोर येतो. सुरुवातीला नशीब वाईट असलेला मुलगा बाकावर जातो, मग त्याच्याविषयी नवी माहिती येतच नाही आणि तो वाईट आकडा कायमचा गोठतो. म्हणजे अधीर संघ चांगल्या खेळाडूंबद्दलच्या चुका जपून ठेवतो.

बेकर मेफील्डचं उदाहरण पाहा. क्लीव्हलँडने २०१८ मध्ये त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या तीन हंगामांत त्याने, तात्पुरता नेमलेला धरून, चार मुख्य प्रशिक्षक पाहिले. २०२० च्या हंगामात संघाने ११ सामने जिंकले आणि १९९४ नंतर प्रथमच बाद फेरीतला सामना जिंकला. २०२१ मध्ये डाव्या खांद्याला दुखापत झाली, तो तसाच खेळत राहिला आणि आकडे घसरले. त्या एका हंगामावरून निकाल लागला. २०२२ मध्ये संघाने डेशॉन वॉटसन या दुसऱ्या संघातल्या क्वार्टरबॅकसाठी २०२२ ते २०२४ या तीन ड्राफ्टमधले पहिल्या फेरीतल्या निवडीचे आपले हक्क त्या संघाला दिले आणि त्याच्याशी २३ कोटी डॉलरचा, पूर्ण हमीचा करार केला. मेफील्डला निरोप मिळाला. बंदी आणि दुखापती यांमुळे वॉटसन पुढच्या तीन हंगामांत १९च सामने खेळला. कागदावर सर्वांत झळाळणाऱ्या एकाच नावावर सगळं पणाला लावणं, हा वरच्या हिशेबात ८४ आणि ५७ चा मार्ग आहे.

मोजमाप ढिलंच राहणार असेल, तर जास्त वेळा डाव टाकावा आणि प्रत्येक डावाला थोडा वेळ द्यावा. वॉशिंग्टनच्या संघाने २०१२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर रॉबर्ट ग्रिफिनला घेतलं आणि त्याच ड्राफ्टमध्ये १०२व्या क्रमांकावर कर्क कझिन्सलाही. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. दीर्घकाळ टिकला तो कझिन्स. म्हणून २०२५ ची क्लीव्हलँडची दुहेरी निवड मला पटते. महिन्या-महिन्याने माणूस बदलणं मात्र मुळीच पटत नाही.

शापाबद्दल शेवटचा हिशेब. पहिल्या फेरीतला क्वार्टरबॅक भरवशाचा ठरण्याची शक्यता एक-तृतीयांश आहे असं समजू. क्लीव्हलँडने १९९९ ते २०२५ या काळात पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक घेतले: टिम काऊच, क्विन, वीडन, मॅन्झेल, मेफील्ड. पाचही वाया जाण्याची शक्यता दोन-तृतीयांशाचा पाचवा घात, म्हणजे सुमारे १३ टक्के. लीगमध्ये ३२ संघ आहेत. सगळ्यांनी असे पाच-पाच डाव टाकले, तर निव्वळ योगायोगाने चारेक संघांच्या हाती काहीच लागणार नाही. आणि क्लीव्हलँडचे तर पाचही डाव वाया गेलेले नव्हते. पाचव्याने, म्हणजे मेफील्डने, २०२४ मध्ये टँपा बे या संघाकडून ४५०० यार्डांचे पास फेकले आणि त्याच्या पासांवर ४१ टचडाऊन, म्हणजे या खेळातले गोल, झाले.