उत्तर कुणाच्या तोंडी? जलशापासून फोरम थिएटरपर्यंत

समाजशास्त्राच्या वर्गात हल्ली ‘परफॉर्मन्स एथ्नोग्राफी’ हा शब्द कानावर पडतो. लोकांत राहून जे पाहिलं-ऐकलं, ते नुसतं प्रबंधात न कोंबता त्याच लोकांपुढे, जमलं तर त्यांच्याच तोंडून, सादर करायचं. बघताना ते काय बोलतात, कुठे हसतात, कुठे उठून जातात, हेही अभ्यासातच धरायचं. हे ऐकून कृष्णाकाठचा माणूस लगेच म्हणतो, की हे तर आमच्या फडावर कधीपासून चालतंय! आपल्याकडे सगळं आधीच होतं, असं म्हणायची मला हौस नाही. पण इथे त्या बोलण्यात तथ्य आहे. फक्त अर्धं.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते 1843 मुळे. आदल्या वर्षी कर्नाटकातल्या करकीची भागवत मंडळी इथे खेळ करून गेली. तसं काहीतरी आपल्याकडेही व्हावं, असं सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या मनात आलं आणि विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. राजाश्रय होता, कथा देवांची होती. 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, नारळ फुटतो तो या परंपरेचा.

दुसरी परंपरा बारा वर्षांनी सुरू झाली, आणि तिला आश्रय मिळाला नाही. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं साताऱ्याकडचं, खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. 1855 साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं. गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून जोशी कसा लुबाडतो, हे त्यात आहे. मधेमधे विदूषक येऊन प्रेक्षकांना चिमटे काढतो. शेवटी ते कुणबी जोडपं रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतं, आणि ती शाळा म्हणजे जोतीराव-सावित्रीबाईंची खरीखुरी शाळा! नाटकाचं दार सरळ वर्गात उघडतं. पुस्तकांना सरकारी बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं.

1873 मध्ये सत्यशोधक समाज निघाला आणि पुढे त्याचे जलसे गावोगाव फिरू लागले. ढाचा तमाशाचा, मजकूर नवा. जे गण-गौळणीला जमायचे तेच लोक सावकार, भटजी आणि कुलकर्णी यांच्यावरची बतावणी ऐकायला जमू लागले. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचा वाळवा, तासगावकडचा भागही होता. तिथे 1919 ते 1921 या काळात कुळं आणि जमीनमालक यांच्यात जी धग पेटली, तिच्यामागे जलशांनी तयार केलेली हवा होती. अमेरिकन अभ्यासक गेल ऑम्व्हेट यांनी 1973 मध्ये बर्कले विद्यापीठात ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध दिला, तेव्हा या तमाशांना त्यांनी इतिहासाचं साधन मानलं. सरकारी कागद जे सांगत नाहीत ते पदांत सापडतं, हे त्यांनी ओळखलं. पुढे त्या कासेगावच्याच झाल्या आणि 2021 मध्ये तिथेच गेल्या. अभ्यासाला येऊन कायमचं राहणारे अभ्यासक थोडेच.

याच वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्षला पठ्ठे बापूराव जन्मले आणि वाटेगावला 1920 मध्ये अण्णाभाऊ साठे. अण्णाभाऊंनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर 1944 मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. तमाशाचं लोकनाट्य केलं. प्रतिसरकारच्या काळात शाहीर शंकरराव निकमांचा डफही या भागात वाजत होता.

‘फक्त अर्धं’ म्हणालो ते इथे. फुले असोत की अण्णाभाऊ, उत्तर शाहिराला आधी ठाऊक असतं. प्रेक्षकाने ते घेऊन घरी जायचं. ब्राझीलचा नाटककार ऑगुस्तो बोआलही आधी असंच नाटक करायचा. 1973 मध्ये तो पेरू देशात साक्षरतेच्या कामात असताना तिथल्या एका बाईने आपल्या नवऱ्याने कसं फसवलं ते सांगितलं. नटांनी प्रसंग उभा केला. तिने सुचवलेला शेवट नट पुन्हापुन्हा करून दाखवत होते, पण तिला तो पटेना. अखेर ती स्वतःच रंगमंचावर चढली आणि काय करायला हवं ते करून दाखवलं. तिथून फोरम थिएटर निघालं. अडलेल्या जागी प्रेक्षकाने ‘थांबा’ म्हणायचं आणि पात्राच्या जागी उभं राहायचं.

अमेरिकेत ही वाट संशोधनाकडून आली. लोककथा गोळा करणाऱ्या झोरा नील हर्स्टन यांनी 1932 मध्येच ती सामग्री न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आणली होती. 1982 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर आणि एडिथ टर्नर यांनी विद्यार्थ्यांकडून इतर समाजांचे विधी करवून घ्यायची पद्धत मांडली. ड्वाइट काँकरगुड हा अभ्यासक 1985 च्या सुमारास थायलंडमधल्या, लाओसमधून आलेल्या हमोंग निर्वासितांच्या छावणीत होता. कुत्र्यांना लस टोचायला लोक येईनात, तेव्हा त्याने हमोंग कथांतल्या वाघ-कोंबडीची मिरवणूक काढली. वाघ नाचला, कोंबडीने भोंग्यावरून रेबीज समजावला. दुसऱ्या दिवशी कुत्र्यांची रीघ लागली.

त्याच काँकरगुडने 1985 च्या एका लेखात दुसऱ्याचं जगणं सादर करणाऱ्यांच्या चुका मांडल्या. कुणी ओरबाडतो, कुणी भाबडेपणाने ‘आपण सगळे सारखेच’ म्हणतो, कुणी नमुना म्हणून मांडून ठेवतो, कुणी ‘आपल्याला काय कळणार’ म्हणून हातच झटकतो. आपल्या स्नेहसंमेलनातली लावणी आठवा. भाड्याची नऊवारी, शिट्ट्या, आणि जिच्या पोटापाण्याची ती कला, ती बाई कुठेच नाही.

याच्या उलट, सुषमा देशपांडे यांनी तमाशातल्या बायकांशी बोलून त्यांच्या आयुष्यावर एकपात्री प्रयोग उभा केला. सांगलीत याच्याही पुढे गोष्ट गेली. इथल्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’च्या बायकांनी आपल्या घरवाल्या (कोठ्याच्या मालकिणी), मालक (कायमचे जोडीदार) आणि मुलं यांच्यावर नाटक बसवलं आणि त्यात त्या स्वतःच उभ्या राहिल्या. मधे सांगणारा शाहीर नाही, संशोधकही नाही.

महाविद्यालयांची पथनाट्यं मात्र अजून जुन्याच वळणावर आहेत. शिबिराची पोरं शनिवारी पारावर ‘दारू सोडा’ सांगतात, सरपंच सत्कार करतात, मंडळी चहाला उठतात. पारावर बसलेल्या म्हातारीला मधेच उठून ‘असं नसतं रं बाबा’ म्हणता येईल, अशी जागा त्या संहितेत ठेवलेलीच नसते.