मागणी नागपूरची, नाव विदर्भाचे

डिसेंबरात विधिमंडळ नागपुरात आले की मंत्र्यांचा मुक्काम असलेले रविभवन आणि मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान रामगिरी यांच्या बाहेर उद्योजकांची शिष्टमंडळे दिसू लागतात. निवेदनातली वाक्ये दरवर्षी थोडीफार बदलतात, मागणी बदलत नाही: इथल्या उद्योगाला विजेत, करात, जमिनीत सवलत हवी. अधिवेशन नागपुरात भरण्याचा संकेत १९५३ च्या नागपूर करारातून आला. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचा वाटा हे आश्वासनही त्याच करारात होते. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झालेले आणि १९५६ पर्यंत एका प्रांताची राजधानी असलेले हे शहर त्यानंतर मुंबईकडे अर्ज करणाऱ्या शहरांपैकी एक झाले. सवलतीच्या राजकारणाची मुळे इथवर जातात. आजच्या भांडणाशी मात्र त्यानंतरच्या घडामोडींचाच जास्त संबंध आहे.

उद्योगांना सवलती देणारी राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ ची. मुंबई-ठाणे-पुण्यात कारखान्यांची दाटी झाली होती, ती बाहेर सरकावी हा तिचा मूळ हेतू. योजनेच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी उतरंड तयार झाली. तालुका जितका मागास, तितकी सवलत मोठी आणि तिची मुदत लांब. विक्रीकराची माफी किंवा तो काही वर्षांनी भरण्याची मुभा हे तेव्हाचे मुख्य आमिष होते. राज्याराज्यांत यावरून इतकी चढाओढ लागली, की नोव्हेंबर १९९९ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत नव्या उद्योगांना विक्रीकराच्या सवलती बंद करण्याचे ठरले आणि १ जानेवारी २००० ही तारीख पक्की झाली. पुढच्या योजनांत भांडवली अनुदान, व्याज अनुदान, भरलेल्या कराच्या प्रमाणात परतावा अशी रूपे आली. वस्तू व सेवा कर आल्यावर परताव्याचे गणितही अडचणीचे झाले. हा कर माल जिथे खपतो त्या राज्याला मिळतो, त्यामुळे परराज्यात माल पाठवणाऱ्या कारखान्याने राज्याच्या तिजोरीत काय भरले हे दाखवणेच कठीण. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण ही ज्यांची नैसर्गिक बाजारपेठ, त्या नागपूरकडच्या कारखानदारांना याची झळ जास्त बसते.

या उतरंडीत नागपूरची एक पंचाईत होती. गडचिरोलीच्या तालुक्यांशेजारी तळाच्या वर्गात बसणे महानगराला शक्य नव्हते. तालुका हे माप धरले तर नागपूर श्रीमंत ठरते आणि विभाग धरला तर मागास. शहराच्या मागण्या विदर्भाच्या नावाने का होतात, याचे निम्मे उत्तर इथे आहे. उरलेले निम्मे भावनेचे आहे आणि ते खोटे नाही.

विभाग हे माप रूढ केले ते अनुशेषाने, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या मागे राहिलेल्या भागाच्या विकासातल्या तुटीने. १९८३ मध्ये नेमलेल्या तथ्यशोधन समितीने पुढच्या वर्षी अहवाल दिला. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटींच्या पुढे भरला आणि त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास होता. पण समितीने मोजली ती क्षेत्रे रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य अशी होती. कारखाने त्यात मोजलेच गेले नाहीत. १९९४ मध्ये विभागांच्या समतोल विकासासाठी वैधानिक विकास मंडळे आली, राज्यपालांच्या निर्देशांनुसार निधीवाटप सुरू झाले, तरी उद्योगाच्या तुटीचा असा अधिकृत आकडा कधीच तयार झाला नाही. उद्योजक आजही भाषणात अनुशेषाचा दाखला देतात, तो या अर्थाने उसना आहे.

मग हातात आले ते विजेचे कारण, आणि ते भक्कम होते. कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर, तिरोडा ही औष्णिक केंद्रे विदर्भात. कोळसा इथला, राख इथे, उन्हाळ्यात ४५ अंशांपुढे जाणाऱ्या पाऱ्यात या भट्ट्यांची धग वेगळी. वीज जाते ती मोठ्या प्रमाणात पश्चिमेकडे. तिकडे वाहून नेताना होणारी गळती आणि पारेषणाचा खर्च मात्र सगळ्या राज्यावर सारखा पसरतो. खाणीच्या तोंडाशी असलेल्या कारखान्याने हजार किलोमीटर दूरच्या कारखान्याइतकाच दर का द्यावा, हा प्रश्न मुंबईतही कुणाला सहज खोडता आला नाही. त्यातच नागपूरहून उत्तरेला निघाले की काही तासांच्या आत सौंसर तालुक्यातले बोरगाव येते. मध्य प्रदेशाने तिथे औद्योगिक क्षेत्र वसवले आहे. पूर्वेला छत्तीसगडने २००० नंतर स्वस्त विजेच्या जोरावर पोलाद उद्योग वाढवला. सीमेपलीकडे निघून जाऊ, ही धमकी पुण्याच्या कारखानदाराच्या तोंडी पोकळ वाटली असती. नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतल्या माणसाकडे तिचा रस्ता तयार होता.

कायद्याच्या बाजूने मात्र गाठ होती. २००३ च्या वीज कायद्यानुसार दर ठरवतो नियामक आयोग, सरकार नव्हे. कलम ६२ मध्ये भौगोलिक स्थान पाहून दरात फरक करायला वाव ठेवला आहे, पण आयोगाने महावितरण या सरकारी वीज कंपनीच्या ग्राहकांसाठी राज्यभर एकच दरपत्रक चालवले. सरकारला एखाद्या भागाला स्वस्त वीज द्यायचीच असेल तर कलम ६५ खाली फरकाची रक्कम तिजोरीतून, तीही आगाऊ, भरावी लागते. म्हणजे मागणी होती कोळशाजवळच्या हक्काच्या दराची, आणि मिळू शकत होते ते अर्थसंकल्पातून येणारे अनुदान. हक्क दरवर्षी मागावा लागत नाही. अनुदान मात्र तरतुदीवर, वित्त विभागाच्या मनःस्थितीवर आणि मुदतवाढीवर टांगलेले असते. हा फरक तेव्हा फारसा कुणी लावून धरला नाही.

२०१६ मध्ये उद्योगांना वीजदरात सवलत देणारा शासन निर्णय निघाला. एप्रिलपासून लागू झालेल्या या सवलतीत विदर्भ आणि मराठवाडा होतेच. उत्तर महाराष्ट्र आणि इतरत्रचे ड व ड+ तालुकेही आले, दर मात्र सगळ्यांना सारखे नव्हते. तरतूद वर्षाला १,२०० कोटींच्या घरात गेली. तालुक्याऐवजी विभाग हे माप औद्योगिक सवलतीत इतक्या ठळकपणे पहिल्यांदाच आले, आणि हिंगणा-बुटीबोरी या नागपूरच्या औद्योगिक वसाहतींचे काम झाले.

वाद पेटला तो पैसा कुठे गेला यावरून. सवलत युनिटमागे होती. जो जास्त वीज जाळतो त्याला जास्त मिळणार, हे शासन निर्णय वाचतानाच कळायला हवे होते. लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांत वीज हाच कच्च्या मालाखालोखालचा मोठा खर्च. तिथे युनिटला रुपया-दीड रुपया कमी झाला तर नफ्याचे चित्रच पालटते. हिंगण्यातल्या वीस कामगारांच्या फॅब्रिकेशनच्या शेडला त्याच दराने महिन्याचे बिल थोडेसे हलके होते, इतकेच. साहजिकच तरतुदीचा मोठा हिस्सा मोजक्या पोलाद कारखान्यांकडे वळला, त्यांतले कितीतरी मराठवाड्यातल्या जालन्याचे. निधी वर्ष संपण्याआधी आटू लागला. सरकार बदलले आणि नव्या ऊर्जामंत्र्यांनी, जे नागपूरचेच होते, फेरविचार काढला. शेवटी एका घटकाला वर्षाला किती मिळेल यावर मर्यादा आली.

नागपूरच्या संघटनांत यावरून सरळ दोन तट पडले. मोठे म्हणाले, गुंतवणूक सवलतीच्या भरवशावर केली, आता मधेच नियम बदलता. लहान गप्प राहिले किंवा खासगीत बरे झाले म्हणाले. माझ्या मते मर्यादा योग्यच होती, पण तीही अर्धवट. रोजगाराशी सवलत जोडायची मागणी या सगळ्या चर्चेत कडेलाच राहिली, कारण निवेदने लिहिणाऱ्यांच्या कारखान्यांना ती परवडणारी नव्हती.

मिहान या नागपूरच्या मालवाहतूक व उद्योग प्रकल्पाची कथा समांतर चालली आणि तिच्यातही वीज आहेच. विमानतळालगत सुमारे ४,००० हेक्टरचा प्रकल्प, शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनी आणि विशेष आर्थिक क्षेत्राच्या करसवलती अशी ती मांडणी होती. २०११ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने या क्षेत्रांना किमान पर्यायी कर, म्हणजे करमाफी असली तरी नफ्यावर भरावा लागणारा कर, लावला आणि निम्मी जादू तिथेच उतरली. आत उभारलेला वीजप्रकल्प दराच्या वादात अडकून बंद पडला. राज्याने काय द्यावे यावर शहर भांडत राहिले, पण मिहानला मोठा धक्का दिल्लीतून बसला होता.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सी-२९५ मालवाहू विमानांचा सुमारे २२,००० कोटींचा प्रकल्प वडोदऱ्याला होणार हे जाहीर झाले, तेव्हा इथे चीड उसळली. मिहानचे नाव त्याआधी वर्षभर घेतले जात होते. शहराच्या खासदारांनी त्याच महिन्यात संबंधित उद्योगसमूहाला लिहिलेले पत्रही बाहेर आले. त्यात मिहानची जमीन, जोडणी, सुविधा सगळे होते. पण एवढ्या मोठ्या प्रकल्पांच्या सवलती ठरलेल्या दरपत्रकाने मिळत नाहीत. विशेष प्रोत्साहनाचे प्रस्ताव उच्चाधिकार समिती आणि मंत्रिमंडळाच्या उपसमितीपुढे जातात. कंपनी तिथे थेट बोलते. शहराच्या संघटनेला त्या टेबलावर खुर्ची नसते आणि महापालिकेलाही नसते.

विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. २०२२ मध्ये त्यांच्या पुनर्स्थापनेचा ठराव मंत्रिमंडळाने केला, पण मंडळे पुन्हा कामाला लागली नाहीत. विभागाचा हिशेब मांडणारी यंत्रणाच नाही, तरी विदर्भाच्या नावाने निवेदने मात्र जातच आहेत.