टोकोरोझावाला स्वच्छ हवा ‘परत’ का हवी होती?

१९९७ साली टोकोरोझावा नगरपालिकेने एक स्थानिक कायदा केला. त्याचं नाव मराठीत आणलं तर असं होतं: ‘डायऑक्सिन कमी करून टोकोरोझावाला स्वच्छ हवा परत मिळवून देण्याचा कायदा’. डायऑक्सिन म्हणजे कचरा जाळताना तयार होणारं विषारी रसायन. सरकारी कागदात सहसा इतकं मनातलं कुणी लिहीत नाही. त्यातला ‘परत’ हा शब्द मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण तो समजून घ्यायचा तर थेट तीनशे वर्षं मागे जावं लागतं.

टोकोरोझावा म्हणजे टोकियोच्या मध्यापासून साधारण ३० किलोमीटरवरचं, साइतामा प्रांतातलं साडेतीन लाखांच्या आसपास वस्तीचं उपनगर. सकाळी लोकल पकडून टोकियोतल्या इकेबुकुरोकडे कामाला जाणाऱ्यांचं गाव. ते वसलंय मुसाशिनोच्या पठारावर. इथली माती ज्वालामुखीच्या राखेची, फुजी आणि हाकोनेकडून हजारो वर्षं उडत येऊन साचलेली. ओली असताना लोण्यासारखी, वाळली की पिठासारखी. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारा वारा आपलं बर्फ जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर टाकतो, डोंगर ओलांडतो आणि कोरडा ठणठणीत होऊन टोकियोभोवतीच्या कांतोच्या मैदानात उतरतो. त्याला ‘काराक्काझे’ म्हणतात, कोरडा वारा. हिवाळ्याच्या शेवटी शेतं उघडी असतात तेव्हा हा वारा वरची माती उचलतो. या भागातल्या हवेचं पहिलं दुखणं म्हणजे ही धूळ.

१६९४ मध्ये कावागोएचा सरदार यानागिसावा योशियासु याने इथल्या माळरानावर नवी गावं वसवायला घेतली. सांतोमे नावाने ती ओळखली जातात आणि आज ती टोकोरोझावा व शेजारच्या मियोशीत विभागलेली आहेत. आखणी मोठ्या समजुतीची होती. प्रत्येक कुटुंबाला सुमारे ७२ मीटर रुंद आणि ६७५ मीटर लांब अशी एक पट्टी. रस्त्याला लागून घर आणि घराभोवती झाडं, मागे शेत, आणि पट्टीच्या टोकाला कुनुगी व कोनारा या ओकच्या जातींचं रान. शेतांच्या बांधावर चहाची झुडपं. रानाने सरपण दिलं, पानांचं खत दिलं आणि वारा अडवला. चहाच्या ओळींनी माती धरून ठेवली. जमीन सपाट असूनही इथले लोक या रानाला ‘यामा’ म्हणजे डोंगर म्हणतात. त्यातल्याच एका मोठ्या तुकड्याचं नाव कुनुगियामा.

पुढचा इतिहास याच कुनुगियामाचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरात गॅस आला, शेतात रासायनिक खत आलं आणि रानाचं रोजचं काम संपलं. टोकियो पसरत गेलं तसे जमिनीचे भाव चढले. वडील गेले की मुलांना वारसा कर भरावा लागे, आणि शेतजमिनीला मिळणारी सवलत रानाला नव्हती. म्हणून आधी रान विकलं जायचं. मोठ्या रस्त्यांजवळ आणि झाडांच्या आडोशाला असलेल्या या तुकड्यांवर औद्योगिक कचरा जाळणाऱ्या भट्ट्या आल्या. प्लास्टिकमधलं क्लोरीन कमी तापमानाला अर्धवट जळलं की डायऑक्सिन तयार होतं. ते टाळायला भट्टीत निदान ८०० अंश सेल्सिअसची सततची आच लागते. लहान भट्ट्यांना ते जमत नसे. जे रान वारा अडवायला लावलं होतं, त्याच्याच आडून धूर निघू लागला. १९९७ चा कायदा आला तो या धुरामुळे.

दोन वर्षांनी, १ फेब्रुवारी १९९९ च्या रात्री, एका राष्ट्रीय वाहिनीच्या बातम्यांत टोकोरोझावाच्या पालेभाजीत भरपूर डायऑक्सिन असल्याचं सांगण्यात आलं. पालकाचा भाव कोसळला. दुकानांनी इथली भाजी घ्यायचं थांबवलं. नंतर कळलं की सर्वात मोठा आकडा भाजीचा नव्हताच, तो वाळवलेल्या चहाच्या पानांचा होता. शेतकरी कोर्टात गेले, २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल देत प्रकरण फेरसुनावणीला पाठवलं, आणि २००४ मध्ये वाहिनीने माफी मागून १ कोटी येन दिले. धूर खरा होता, भाजीवरचा डाग चुकीचा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि त्यात भरडला गेला तो शेतकरी. त्या गदारोळातून एक चांगली गोष्ट निघाली: जुलै १९९९ मध्ये डायऑक्सिनवरचा खास राष्ट्रीय कायदा मंजूर झाला. भट्ट्या एकेक करून बंद पडल्या.

उन्हाळ्यातलं दुखणं मात्र टोकोरोझावाचं स्वतःचं नाही. टोकियो आणि उपसागराकाठच्या कारखान्यांतून, गाड्यांतून सकाळी निघालेले वायू उन्हात शिजतात, दुपारी समुद्रावरचा वारा त्यांना आत ढकलतो, आणि ओझोन साइतामावर येऊन साचतो. १८ जुलै १९७० ला टोकियोच्या सुगिनामी भागात शाळेच्या मैदानावर चाळीसहून अधिक मुली डोळे चुरचुरून, घसा धरून आजारी पडल्या, तेव्हा ओझोनच्या या धुरक्याचं नाव घरोघरी पोचलं. आजही ओझोनची तासाची सरासरी ०.१२ पीपीएमवर (हवेच्या दशलक्ष भागांत ०.१२ भाग) गेली की इशारा निघतो. गल्लीतल्या खांबावरचा भोंगा वाजतो आणि शाळांतली मुलं मैदानावरून वर्गात येतात. ऑक्टोबर २००३ पासून टोकियो, साइतामा, चिबा आणि कानागावा यांनी मिळून जुन्या डिझेल ट्रकांना बंदी केली. काजळी त्याने कमी झाली, पण ओझोन तितका दबला नाही.

वर्गात खिडक्या लावून बसणंही इथे सोपं नव्हतं. शेजारी इरुमाचा हवाई तळ आहे. विमानांच्या आवाजामुळे काही शाळांच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागत, आणि बंद खोलीत उकाडा. वातानुकूलन बसवावं की नाही यावर १५ फेब्रुवारी २०१५ रोजी चक्क जनमत घेतलं गेलं. ‘हो’ची मतं ‘नाही’च्या जवळजवळ दुप्पट पडली, पण मतदान झालं जेमतेम ३१.५४ टक्के.

वसंतात पश्चिमेच्या चिचिबु आणि ओकुतामाच्या डोंगरांवरून ‘सुगी’ या जपानी देवदाराचे परागकण येतात, आणि त्यांची अनेकांना ॲलर्जी असते. युद्धानंतर उघडे पडलेले डोंगर लाकडासाठी सुगीने भरले गेले आणि ती झाडं आता परागाच्या वयात आहेत. मे २०२३ मध्ये सरकारने दहा वर्षांत सुगीची लागवड २० टक्क्यांनी घटवायचं ठरवलं. तोवर फेब्रुवारी ते एप्रिल कपडे घरातच वाळतात.

त्याच २०२३ च्या जुलैत मुसाशिनोच्या पानखताच्या शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. सांतोमेत अजूनही काही घरं हिवाळ्यात आपल्या ‘यामा’त पानं झाडायला जातात. माणूस स्वतःच मोठ्या बांबूच्या टोपलीत उतरतो आणि पानं पायाने तुडवत जातो, म्हणजे आणखी मावतात.