करंगळी पोहोचेल तिथे नॉब: इलेक्ट्रिक गिटारच्या मांडणीमागची पार्श्वभूमी

गणपतीच्या आधी सांगली-मिरजेत गिटार दुरुस्तीचं काम वाढतं. तारा बदलणं, फ्रेट घासणं, जॅकची खरखर काढणं ही कामं नेहमीचीच. अलीकडे मात्र एक वेगळी मागणी वारंवार कानावर येते: आवाज आहे तसा राहू दे, नॉबच्या जागा बदलून द्या. कुणाला व्हॉल्यूम करंगळीखाली हवा असतो. कुणाचा उजवा हात जोरात फिरतो, त्याला तोच नॉब वाटेतून हलवायचा असतो. कुणाला रिकामा वाटणारा खालचा टोन, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारा नॉब, घोडीजवळच्या पिकअपला (तारेचं कंपन पकडून त्याचा विजेचा संकेत करणाऱ्या चुंबक-वेटोळ्याला) जोडून हवा असतो. या मागणीकडे नव्या पोरांचा हौशी खेळ म्हणून पाहिलं जातं, आणि ते बरोबर नाही. कारखान्यानं ठरवलेली मांडणी आणि वाजवणाऱ्याचा हात यांच्यातली ओढाताण या वाद्याच्या जन्मापासूनची आहे.

मिरजेत तर हे वेगळं सांगावं लागू नये. विसाव्या शतकाच्या मध्यावर सतारीच्या दोन सरळ वाटा झाल्या. एका वाटेनं खर्जाच्या जाड तारा ठेवल्या. दुसरीनं गायकी अंगासाठी त्या काढल्या आणि गांधाराची तार घेतली. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे सतारीचं काम हाती घेतलं. त्यांच्या पुढच्या पिढ्या खरज-पंचम आणि गांधार-पंचम अशा दोन्ही सतारी मागणीप्रमाणे करत आल्या. जवारी (घोडीच्या घासणीतून येणारी झंकार) खुली हवी की बंद, हेही घेणाऱ्याला विचारूनच ठरतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा लाकूड आणि भोपळ्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं. माझ्या मते त्या परंपरेचं मोठेपण या विचारण्यात आहे. इलेक्ट्रिक गिटार खोक्यातून आली, म्हणून तिच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारला नाही.

सुरुवातीच्या काळात मांडणीचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. १९३६ च्या गिब्सनच्या ईएस-१५० वर एक पिकअप, एक व्हॉल्यूम आणि एक टोन होता. खरी गुंतागुंत १९५० नंतरची. फेंडरची दोन पिकअपची गिटार, जिला १९५१ पासून टेलिकास्टर म्हणतात, तिचा दुसरा नॉब मुळात टोनचा नव्हताच. पिकअप निवडणारा स्विच मागे असताना घोडीच्या पिकअपमध्ये मानेजवळचा पिकअप हवा तेवढा मिसळण्यासाठी तो होता. १९५२ मध्ये ही सोय काढून तिथे टोन बसवला. स्विचच्या पुढच्या जागेचा गडद, दबका आवाज तसाच राहिला, आणि दोन्ही पिकअप एकत्र वाजवण्याची वाटच बंद झाली. ती कारखान्यातून पुन्हा उघडायला १९६७ उजाडलं. मधल्या पंधरा वर्षांत ज्याला दोन्ही पिकअप हवे होते, त्याला प्लेट उघडून आतल्या तारा हलवाव्या लागत होत्या.

त्याच १९५२ मध्ये गिब्सनची लेस पॉल आली. तिला प्रत्येक पिकअपचा वेगळा व्हॉल्यूम आणि वेगळा टोन, असे चार नॉब होते. स्विच वर, खांद्याजवळ. १९५४ ची फेंडरची स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट, नेमकी उलट विचारानं केलेली. तीन पिकअपना मिळून एकच व्हॉल्यूम, तोही तारांना अगदी चिकटून. टोन दोन, एक मानेच्या पिकअपला आणि दुसरा मधल्याला. सगळ्यात तीक्ष्ण वाजणाऱ्या घोडीच्या पिकअपला टोनच नाही. आजच्या पाच जागांच्या स्विचवर एक छोटी जंपर तार टाकली की मधला टोन घोडीलाही लागू होतो. पंधरा मिनिटांचं काम आहे. मला विचाराल तर प्रत्येक स्ट्रॅटवर ते पहिल्याच दिवशी करून घ्यावं.

आपल्याकडे या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त गिटारी मात्र एका शब्दानं बिघडवल्या. तो शब्द म्हणजे ‘आउट ऑफ फेज’.

स्ट्रॅटच्या मूळ स्विचला तीनच जागा होत्या, एका वेळी एक पिकअप. वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं की स्विच दोन जागांच्या अधेमधे अडकवला तर शेजारचे दोन पिकअप एकदम लागतात आणि एक पोकळ, काचेसारखा, किंचित नाकातला आवाज येतो. स्विच तिथे टिकावा म्हणून कुणी फटीत काडी खुपसायचे, कुणी आतली स्प्रिंग सैल करायचे. १९७७ मध्ये कंपनीनं पाच जागांचा स्विच दिला तेव्हा ही युक्ती अधिकृत झाली. आज आपण ज्याला ‘दोन नंबर’ आणि ‘चार नंबर’ म्हणतो, त्या या जागा. तोवर त्या आवाजाला ‘आउट ऑफ फेज’ हे नाव चिकटलेलं होतं, आणि ते आजही सुटलेलं नाही.

ते नाव चुकीचं आहे. फेज उलटी असते तेव्हा एका पिकअपचा संकेत वर जाताना दुसऱ्याचा खाली जातो आणि दोन्हींची बेरीज जवळजवळ वजाबाकी होते. खर्ज नाहीसा होतो, आवाज पातळ होतो, त्याचा जोर कमी होतो. दोन आणि चार नंबरला असं काहीच घडत नाही. तिथे दोन्ही पिकअप सरळ फेजमध्ये आणि समांतर जोडलेले असतात. आवाज पोकळ वाटतो, कारण एकच तार दोन वेगळ्या ठिकाणी ऐकली जाते. त्यामुळे काही उपस्वर एकमेकांना मारतात आणि काही उठून दिसतात. शिवाय समांतर जोडणीत इंडक्टन्स (बदलत्या विजेला वेटोळ्याचा होणारा विरोध) साधारण निम्मा होतो, म्हणून आवाज उजळतो. तरी मूळ स्वर जागेवरच असतो.

पुढे गोंधळ आणखी वाढला, कारण मधला पिकअप ‘उलटा’ मिळू लागला. त्याचं वेटोळंही उलटं आणि चुंबकाचा ध्रुवही उलटा. ‘उलटा’ हा शब्द ऐकून फेज उलटी असणार, असं समजणं सोपं आहे. तारेचा संकेत मात्र वेटोळं आणि चुंबक या दोन्हींवर अवलंबून असतो. दोन उलट मिळून तो सुलटच राहतो. ट्यूबलाइटची, ट्रान्सफॉर्मरची घुंघुं चुंबकाला जुमानत नाही, ती फक्त वेटोळ्याकडे बघते. म्हणून तेवढीच उलटते आणि शेजारच्या पिकअपच्या घुंघुंला मारते. मांडवातल्या लाइटच्या माळांखाली वाजवणाऱ्याला याची किंमत कळते.

या शब्दाचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. ऑर्केस्ट्रात वाजवत होतो तेव्हा गावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गिटार दिली आणि सांगितलं, दोन-चार नंबरला आउट ऑफ फेज करून द्या. कारागिरानं शब्दाबरहुकूम मधल्या पिकअपच्या दोन्ही तारा अदलाबदल करून डाग दिला. माझा मधला पिकअप मुळातच उलट वेटोळ्याचा आणि उलट ध्रुवाचा होता. परिणाम असा झाला की दोन आणि चार नंबरला तारेचा आवाज कापला गेला आणि घुंघुं मात्र दुप्पट झाली. कार्यक्रमात ढोलकीपुढे गिटार ऐकूच येईना. त्या कारागिराला मी दोष देत नाही. मी मागितलं तेच त्यानं दिलं.

खरी उलटी फेज कामाची असते, पण तिला योग्य मांडणी लागते. एका गाजलेल्या जुन्या लेस पॉलमध्ये मानेच्या पिकअपचा चुंबक उलटा बसलेला होता, आणि मधल्या जागेवरचा तिचा विव्हळणारा आवाज आजही लोक शोधत असतात. लेस पॉलला दोन व्हॉल्यूम आहेत. त्यातला एक थोडा उतरवला की वजाबाकी अर्धवट राहते आणि तो आवाज वापरण्याजोगा होतो. स्ट्रॅटला एकच व्हॉल्यूम, त्यामुळे तिथे सगळं किंवा काहीच नाही. म्हणून उलटी फेज हवी असेल तर आधी नॉब मोजावेत आणि मग स्विच मागावा.

‘कॉइल टॅप’ आणि ‘कॉइल स्प्लिट’ यांचंही असंच झालं आहे. हंबकरचं, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपचं, एक वेटोळं बंद करणं म्हणजे स्प्लिट, आणि एकाच वेटोळ्यातून मधूनच तार बाहेर काढणं म्हणजे टॅप. आपल्याकडे दोन्हीला टॅपच म्हणतात, पण त्यानं सहसा कुणाची गिटार बिघडत नाही.

जागा बदलण्याच्या कामांत टेलिकास्टरची प्लेट फिरवणं सर्वांत सोपं आहे. मूळ मांडणीत स्विच पुढे, व्हॉल्यूम मधे, टोन मागे. दोन स्क्रू काढून प्लेट उलटी लावली की व्हॉल्यूम मधेच राहतो, पण त्याच्या पुढ्यातली स्विचची दांडी मागे जाते. टोन आणि व्हॉल्यूमच्या तारा अदलाबदल केल्या की व्हॉल्यूम सर्वांत पुढे येतो. लाकडाला भोक पाडावं लागत नाही. याचं मोल सांगलीत वेगळं सांगायला नको. नाट्यपद किंवा भावगीत गिटारवर वाजवताना तारेचा आघात नको असतो. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून तार छेडायची आणि करंगळीनं आवाज वर उचलायचा, म्हणजे स्वर ऑर्गनसारखा श्वास घेत येतो. नॉब करंगळीच्या टप्प्यात नसेल तर हे जमत नाही, आणि नॉब जड फिरत असेल तरीही नाही.

व्हॉल्यूम उतरवला की आवाज बोथट होतो, ही तक्रारही जुनी. लेस पॉलच्या पन्नाशीच्या दशकातल्या जोडणीत टोनची तार व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रोधकाच्या) बाहेर पडणाऱ्या टोकाला होती, पुढे ती आत येणाऱ्या टोकाला गेली. जुन्या जोडणीत व्हॉल्यूम उतरवल्यावरही धार टिकते. बदल एका तारेचा आहे, आणि हळू आवाजात साथ करणाऱ्याला तो लगेच जाणवतो.

सुटे भाग इथे सहज मिळत नव्हते तेव्हा रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचा पॉट लावला जायचा. ट्रान्झिस्टर रेडिओतला १० किलोओहमचा पॉट गिटारला लावला तर वरचे सगळे स्वरांश जमिनीत जातात. सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याच्या पिकअपला) २५० आणि हंबकरला ५०० किलोओहम हे माप माहीत होईपर्यंत कितीतरी चांगले पिकअप ‘मेलेले’ ठरवून काढले गेले. लॉग आणि लिनियर या पॉटच्या दोन प्रकारांचा घोळ वेगळाच. लिनियर पॉटवर आवाज बराच वेळ हलत नाही आणि शेवटी एकदम खाली पडतो. करंगळीनं स्वर उचलणाऱ्याचा त्यात खेळ बिघडतो.

नॉब हलवण्याच्या मागणीनं इथे जोर धरला तो माझ्या पाहण्यात २०१९ च्या पुरानंतर. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि तळमजल्यावरची वाद्यं दिवसेंदिवस पाण्यात राहिली. काही गिटारींचं लाकूड वाचलं, पण पॉट गंजले, स्विचचे पत्रे हिरवे पडले. सगळं वायरिंग नव्यानं करायचंच होतं. मग ते जुन्याच नकाशानं का करायचं, हा प्रश्न आपोआप आला. त्या काळात मी पाहिलेल्या गिटारींपैकी काही मूळ मांडणीकडे परतल्याच नाहीत. मूळ भोकं न वाढवता, फक्त आतल्या तारा हलवून हे झालं, म्हणून विक्रीची किंमत पडेल ही भीतीही त्यात नव्हती. जुन्या, किमती गिटारीला नवं भोक पाडण्याच्या मी आजही विरोधात आहे. बाकी गिटारींना तो नियम लावण्याचं कारण मला दिसत नाही.

सध्या जास्त मागणी आहे ती ‘ब्लेंडर’ची. स्ट्रॅटचा शेवटचा टोन काढून त्याच जागी असा नॉब बसवायचा, की घोडीच्या पिकअपमध्ये मानेचा पिकअप हवा तेवढा मिसळता यावा. १९५२ मध्ये टेलिकास्टरवरून काढलेली सोय तीच होती. त्यासाठी टोकाला गेल्यावर पूर्ण तुटणारा ‘नो-लोड’ पॉट लागतो. तो हाताशी नसेल तर साधा २५० चा पॉट उघडतात, कार्बनच्या पट्टीचं एक टोक ब्लेडनं खरवडतात, मीटरवर जोडणी तुटल्याची खात्री करतात आणि पत्र्याचे कान पुन्हा दुमडून पॉट बंद करतात.