मुरुमांसाठी गोळ्या-व्हिटॅमिनं सुरू करण्याआधी
(आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

‘मुरुमांवर काहीतरी चांगलं द्या’ ही मागणी आमच्या काउंटरवर रोजची आहे. मागणाऱ्यांत दहावी-बारावीची मुलं-मुली असतात, तशा तिशी-पस्तिशीच्या ताईही असतात. बहुतेकांचं आधी बरंच काही करून झालेलं असतं. झिंकच्या गोळ्या, बायोटिन, व्हिटॅमिन ईची हिरवी कॅप्सूल, शेजारच्या काकूंनी सांगितलेलं रक्तशुद्धीचं सिरप, मैत्रिणीला लागू पडलेली ट्यूब. दोन-तीन आठवडे एक, मग ते सोडून दुसरं. पैसे जातात, चेहरा तसाच राहतो आणि पोरं आरशासमोर जायला टाळतात.

या सगळ्या वस्तू आम्ही विकतो. तरीही स्पष्ट सांगतो, यातल्या बऱ्याचशा तुम्हाला लागत नाहीत. काही तर औषधांबरोबर घेतल्या की औषधाचा गुण कमी करतात किंवा अपाय करतात. म्हणून हे पत्रक. ते डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेणार नाही, पण काय विचारायचं आणि कशापासून जपायचं, हे त्यातून कळेल.

मुरूम मुळात येतो कसा

आपल्या कातडीवर केसाच्या प्रत्येक मुळाशी तेल तयार करणारी ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन हार्मोन्स वाढतात आणि या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी साचून बूच बसतं. आत अडकलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढतात, सूज येते आणि पुळी वर दिसते. रक्त ‘अशुद्ध’ झाल्याने किंवा पोट साफ नसल्याने हे होत नाही. म्हणून जुलाबाची औषधं आणि रक्तशुद्धीची सिरपं यांवर मुरुमांसाठी पैसे घालवू नका.

वर दिसणाऱ्या पुळीची तयारी कातडीच्या आत कित्येक आठवडे आधी सुरू झालेली असते. आज लावलेलं औषध पुढच्या पुळ्या अडवतं, आलेली पुळी पुसून टाकत नाही. त्यामुळे कोणत्याही उपचाराचा खरा फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून ट्यूब बदलली की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

व्हिटॅमिन आणि सप्लिमेंट

पहिल्यांदा डबी उलटी करून वाचा. औषधाच्या वेष्टनावर औषध बनवण्याच्या परवान्याचा क्रमांक असतो. सप्लिमेंटच्या डबीवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा) चौदा आकडी क्रमांक असतो, म्हणजे कायद्याने ती वस्तू खाद्यपदार्थांच्या नियमांत बसते. तिच्यावर बारीक अक्षरांत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ (औषध म्हणून वापरण्यासाठी नाही) असंही छापलेलं सापडेल. समोर चमकणाऱ्या चेहऱ्याचं चित्र आणि मागे ही ओळ. आमच्या मते मागची ओळ आधी वाचावी.

झिंक. मुरुमांसाठी सप्लिमेंट म्हणून ज्याला थोडाफार आधार आहे, ते हेच. १९७७ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथल्या डॉक्टरांनी झिंक आणि व्हिटॅमिन ए यांची मुरुमांवर चाचणी घेतली. बारा आठवड्यांत झिंक घेणाऱ्यांचे मुरूम बरेच कमी झाले आणि झिंकला व्हिटॅमिन एची जोड देऊन जास्तीचा फायदा काही दिसला नाही. नंतर मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकशी तुलना झाली, तेव्हा अँटिबायोटिक सरस ठरलं. थोडक्यात, झिंक कामाचं आहे, पण मध्यम ताकदीचं. घ्यायचंच असेल तर जेवणानंतर घ्या, रिकाम्या पोटी मळमळतं. स्ट्रिपवर ‘एलिमेंटल झिंक’ किती लिहिलंय ते बघा. झिंक सल्फेटच्या २२० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये प्रत्यक्ष झिंक सुमारे ५० मिलिग्रॅम भरतं, आणि मोठ्या माणसासाठी रोजची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम मानली जाते. डॉक्टर काही काळापुरता त्याहून जास्त डोस देऊ शकतात, पण स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेत राहिलं तर शरीरातलं तांबं कमी होऊन रक्तक्षय होऊ शकतो. मल्टिव्हिटॅमिनमध्येही झिंक असतं, त्याची बेरीज करायला विसरू नका.

व्हिटॅमिन ए. १९४० च्या दशकापासून मुरुमांवर याचे मोठमोठे डोस देऊन पाहिले गेले. गुण यायचा तो इतक्या जबर डोसाने की सोबत डोकेदुखी, केसगळती, यकृताला त्रास हेही यायचं. आज त्याची गरज नाही, कारण व्हिटॅमिन एपासूनच बनवलेली जास्त नेमकी औषधं आहेत. मोठ्या माणसाने व्हिटॅमिन ए रोज १०,००० युनिटच्या वर घेऊ नये. गरोदर असलेल्या किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने जास्त डोस घेणं पोटातल्या बाळासाठी घातक आहे. आमच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मुरुमांसाठी ते मागू नका, आम्ही देणार नाही.

बी-१२. ही गोष्ट आपल्याकडे नीट समजून घ्यायला हवी. महाराष्ट्रात शाकाहारी घरं पुष्कळ, आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांतून आपल्या लोकांत बी-१२ ची कमतरता किती पसरलेली आहे, हे पुढे आलं. त्यामुळे बी-१२ ची इंजेक्शनं आणि गोळ्या आता घरोघरी आहेत, आणि ज्याला कमतरता आहे त्याने त्या घ्यायलाच हव्यात. पण काही जणांना मोठ्या डोसानंतर अचानक पुळ्या येतात. सगळ्या एकसारख्या, लाल, चेहऱ्यावर आणि छाती-पाठीवर, आणि त्यांत काळ्या टोकाचे दाणे जवळपास नसतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की बी-१२ मिळालं की कातडीवरचे मुरुमाचे जिवाणू स्वतःची कामाची पद्धत बदलतात आणि सूज आणणारी द्रव्यं जास्त बनवू शकतात. तुमच्या पुळ्या इंजेक्शनांचा कोर्स सुरू झाल्यावरच उठल्या असतील, तर तारखा लिहून डॉक्टरांना दाखवा. कोर्स स्वतः होऊन बंद करू नका. बी-१२ कमी राहिलं तर नसांना इजा होते, आणि ती पुळ्यांपेक्षा फार मोठी गोष्ट आहे.

बायोटिन केसांसाठी खपतं. मुरुमांवर त्याचा उपयोग होतो असा पुरावा नाही. शिवाय ते रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकवतं, त्यात थायरॉइड आहे आणि हृदयविकाराचा झटका ओळखायची ट्रोपोनिन तपासणीही आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने याबद्दल इशारा दिला होता. रक्त द्यायला जाल तेव्हा बायोटिन चालू आहे हे लॅबमध्ये सांगा.

व्हिटॅमिन डी कमी असेल तर त्या कमतरतेसाठी घ्या, मुरूम जातील या आशेने नको. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून चेहऱ्यावर चोळणं थांबवा. मुरूम येणाऱ्या चेहऱ्याला आणखी तेल नको असतं, आणि काहींना त्याने ॲलर्जीही होते.

जिमला जाणाऱ्या मुलांसाठी: व्हे प्रोटीन सुरू केल्यावर पाठीवर-खांद्यांवर मुरूम उसळल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. दोन महिने बंद ठेवून बघा. आणि कुणी ‘मास’ वाढवायचं इंजेक्शन देत असेल तर ते ॲनाबॉलिक स्टेरॉइड असू शकतं. त्याने येणारे मुरूम खोल, दुखरे आणि खड्डे पाडणारे असतात.

लावायची औषधं

बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं. इथे एक गैरसमज आहे की जास्त टक्के म्हणजे जास्त गुण. २.५ टक्क्यांचं जेल जवळपास १० टक्क्यांइतकंच काम करतं आणि कातडी कमी भाजते. ते कापडाचा रंग उडवतं, हे आधीच सांगून ठेवतो. उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरा वापरा, ओढणी किंवा पदर चेहऱ्याला लागू देऊ नका.

ॲडापॅलिन छिद्रातलं बूच सुटं करतं. रात्री, धुऊन पूर्ण कोरड्या झालेल्या चेहऱ्यावर मटारच्या दाण्याएवढं जेल घ्यायचं आणि ते पूर्ण चेहऱ्याला पातळ लावायचं, नुसतं पुळीवर ठिपके द्यायचे नाहीत. सुरुवातीला एक रात्र सोडून लावा. पहिल्या काही आठवड्यांत साल निघतं, चुरचुरतं, कधी पुळ्या थोड्या वाढल्यासारख्या दिसतात. बहुतेक जण नेमके इथेच औषध सोडतात. साधं मॉइश्चरायझर लावा आणि टिकून राहा. गरोदरपणात मात्र हे लावायचं नाही.

क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं जेल एकटं महिनोन्‌महिने लावलं की जिवाणू त्याला जुमानेनासे होतात, म्हणून डॉक्टर त्याच्या जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड देतात. दोन्ही लिहून दिली असतील तर त्यातली एक गाळू नका.

पोटात घ्यायचं डॉक्सिसायक्लिन

ही अँटिबायोटिक गोळी पेलाभर पाण्याबरोबर बसून किंवा उभ्याने घ्या आणि नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नका. घोटभर पाण्याने गिळून लगेच झोपलं तर गोळी अन्ननलिकेत चिकटून जखम होते. उन्हात कातडी पटकन भाजते, म्हणून शेतात, बाइकवर, डिलिव्हरीच्या कामावर असणाऱ्यांनी चेहरा झाकावा, सनस्क्रीन लावावं.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: झिंक, लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीचं पातळ औषध डॉक्सिसायक्लिनबरोबर घेतलं तर गोळी पोटातच बांधली जाते आणि रक्तात नीट पोचत नाही. मुरुमांसाठी झिंक आणि डॉक्सी दोन्ही एकाच वेळी गिळणारे लोक आम्हाला नेहमी भेटतात. दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर हवं. ही गोळी गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना देत नाहीत. मुरुमांसाठी ती साधारण तीन-चार महिन्यांवर चालवत नाहीत, त्यामुळे जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हापुन्हा नेऊ नका.

आयसोट्रेटिनॉइन

खोल गाठी, खड्डे, कशानेच न हटणारे मुरूम, अशांसाठी हे सगळ्यात गुणकारी औषध आहे. अमेरिकेत त्याला १९८२ मध्ये मान्यता मिळाली. कॅप्सूल भरल्या पोटी, थोडं तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर घ्यावी, म्हणजे ती नीट शोषली जाते. ओठ कोरडे पडणारच, लिप बाम जवळ ठेवा. डॉक्टर यकृताची आणि चरबीची रक्ततपासणी करायला सांगतात, ती टाळू नका. कोर्स चालू असताना आणि संपल्यावर सहा महिने पार्लरमध्ये वॅक्सिंग करू नका, कातडी सोलून निघते. व्हिटॅमिन एच्या गोळ्या याच्याबरोबर बंद, कारण हे औषध त्याच कुळातलं आहे. डॉक्सिसायक्लिनही बंद, दोन्ही मिळून डोक्यातला दाब वाढू शकतो. तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणं, मन फार खिन्न होणं, असं काही झालं तर कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

या औषधाने गर्भात गंभीर व्यंग निर्माण होतं. सुरू करण्याआधी एक महिना, चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना दिवस राहता कामा नयेत. लग्न ठरलेल्या मुली ‘लग्नाआधी चेहरा स्वच्छ व्हावा’ म्हणून हा कोर्स सुरू करतात आणि लग्नाची तारीख कोर्सच्या मधेच येते. ही तारीख डॉक्टरांना नक्की सांगा. आम्हीही काउंटरवर विचारू. खासगी प्रश्न वाटेल, पण राग मानू नका, हवं तर बाजूला येऊन आमच्या ताईंशी बोला. बंद केल्यावर एक महिना रक्तदानही करायचं नाही, मुलांनीसुद्धा, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला दिलं जाऊ शकतं. उरलेल्या कॅप्सूल धाकट्या बहिणीला देऊ नका.

‘ती’ ट्यूब आम्ही देणार नाही

व्हॉट्सॲपवर एका ट्यूबचा फोटो येतो, ‘हीच द्या, आठ दिवसांत चेहरा उजळतो.’ घटक वाचले की त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असतं. ही स्टेरॉइड आहेत. आठ दिवसांत लाली दबते हे खरं. पण लावत राहिलं की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालांवर लव वाढते, आणि थांबवलं की आग होऊन पहिल्यापेक्षा जास्त मुरूम उठतात. अशा क्रीमवाचून राहवत नाही असे चेहरे आम्ही पाहिले आहेत आणि त्या मुलींची घालमेलही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येतात. तुम्ही आधीच कित्येक महिने लावत असाल तर घाबरू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते हळूहळू सोडवतात. पार्लरमध्ये बिनलेबलच्या डबीतून मिळणारं क्रीम तर लावूच नका.

खाण्याबद्दल थोडंसं

साखर, मैदा, कोल्ड्रिंक कमी केल्याने काहींचे मुरूम कमी होतात, याला आधार आहे. दुधाचा संबंध काही जणांतच दिसतो. आंब्याने ‘गरम पडून’ पुळ्या येतात असं नाही. आमरसात घातलेली साखर तेवढी आवरा.

डॉक्टरांकडे कधी जायचं

खड्डे पडू लागले असतील, गाठी दुखत असतील, किंवा बारा आठवडे नियमाने करूनही फरक नसेल, तर. मुलींची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, वजन वाढत असेल, तर पीसीओएसची (बीजांडकोश आणि हार्मोन्सच्या बिघाडाची) तपासणी करून घ्या. तिथे नुसतं क्रीम पुरत नाही. टीबीसाठी आयसोनियाझिड किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असलेल्यांनाही मुरमासारख्या पुळ्या येतात. ती औषधं अजिबात बंद करू नका, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला.

संध्याकाळी काउंटरवर गर्दी असते. निवांत विचारायचं असेल तर दुपारी या. येताना आत्ता घेत असलेल्या सगळ्या स्ट्रिप, सप्लिमेंटच्या डब्या, लावायच्या ट्यूब आणि जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून आणा. कशाबरोबर काय चालतं आणि काय चालत नाही, ते आम्ही कागदावर वेळांसकट लिहून देऊ.